पुण्याचं वेगळं, आपलं वेगळं

शेवटचं आम्ही नवराबायकोनं मिळून काय केलं, तर ऑफिसात फ्लॉपींवर चिठ्ठ्या चिकटवल्या. ती लिहायची, मी डिंक लावायचो. एक तिरपी लागली म्हणून बोलणीही खाल्ली. त्याच दिवशी पुण्याहून नवी फ्लॉपी आली होती. "उद्या बघू," म्हणाली, आणि डोकं दुखतं म्हणून दुपारीच पिंप्राळ्याला घरी गेली. मी पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. धुळ्याहून मुलगी आली, संध्याकाळी उचललं.

जळगावची केळीवाल्यांची सोसायटी. ती कॉम्प्युटरवर, मी शिपाई. ती मॅट्रिक, मी चौथी. ऑफिसात मीही तिला बाईच म्हणायचो. तिला नवऱ्याचं नाव घेता येईना, मग घंटी वाजवायची. दोनदा वाजली तर चहा, एकदा वाजली तर चूक माझी.

तिचं एक ठरलेलं वाक्य होतं. "काय बदललं, ते आधी दाखवा." डॉक्टरनं गोळी बदलली तरी तेच. मी मिशी काढली तेव्हा मात्र काही विचारलं नाही. दोन दिवस बोललीच नाही.

हे खूळ लागलं एका घडामुळे. कोणाच्या मळ्यावर कधी ट्रक जायचा, ती यादी मशीन काढायचं. प्रोग्राम पुण्याचा. त्यात नुसतं शेतकऱ्याचं नाव, बापाचं नाव आणि आडनाव. तुम्हाला आमच्याकडचं ठाऊक असेल, नाव, बाप, आडनाव सगळं सारखं असलेले चार जण सहज निघतात. म्हणून तिनं त्यात गाव जोडलं होतं. एकदा सुधारलेल्या प्रोग्रामची नवी फ्लॉपी आली, तिनं थेट घातली, आणि गाव पुसलं गेलं. ट्रक गेला यावलला, त्याच नावाच्या दुसऱ्याकडे, आणि पाचोऱ्याकडच्या आबांचा कापलेला सगळा माल बांधावर पिवळा पडला. आबांनी पिकलेला घड आणून तिच्या टेबलावर ठेवला. "घ्या बाई, खा. बठ्ठा माल पिकी गया."

मग मशीनमध्ये तिनं दोन खण केले. एकात पुण्याचं, आलं तसं, हात न लावता. दुसऱ्यात आपले बदल. नवं आलं की आधी पुण्याच्या जुन्याशी ताडून बघायचं, मग त्यावर आपलं चढवायचं. कोणी बदललं आणि का, हे लिहिल्याशिवाय मशीन पुढे जाऊ देत नसे. सगळी रीत तिनं वहीत मराठीत उतरवली होती.

"जुनं फेकत का नाही?" मी विचारायचो.

"चुकलं तर परत कुठं जाल?"

दुसऱ्या दिवशी सकाळी घर माणसांनी भरलेलं. मी सायकल काढली. मुलगी ओरडली, "बाबा, कुठे?" थांबलो नाही.

सेक्रेटरी नाना कालची नवी फ्लॉपी हातात घेऊन मशीनपुढे बसले होते.

"अरे, तू कशाला आलास?"

"ती थेट घालू नका."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"काहीच नाही. वही वाचतो, तसं करा."

अक्षर अक्षर जोडून मी वाचत गेलो, नाना बटणं दाबत गेले. दुपार झाली. यादी पडद्यावर आली, प्रत्येक नावापुढे गाव होतं. मग मशीननं विचारलं, कोणी केलं?

"तिचंच नाव टाकतो," नाना म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते.

"नको. तिनं नाही केलं. खोटं लिहू नका."

"मग?"

"तुमचं टाका. खाली माझं."

त्यांनी टाकलं. मी वही कपाटात ठेवली आणि घरी गेलो.