बाहत्तर नंबरवर आमचं घर

आमच्या घरात इंग्रजी वाचायचं खातं माझ्याकडे आहे. औषधाची बाटली, विम्याचा कागद, शाम्पूची पुडी, काहीही आलं की बाबा म्हणतात, "बायला दाखवा. ती इंग्रजी मीडियमची हाय." शाळेने मला इंग्रजी दिलं हे खरं, पण बोलायचं धाडस दोन्ही भाषांत दिलं नाही. बंदरावर कुणी "काय गो, बरी हायस?" असं विचारलं तर मी फक्त मान हलवते. (होकारार्थी. एवढं जमतं.)

घरात मात्र मी नकला करते. आईच्या, दाताच्या डॉक्टरांच्या, आणि सगळ्यात फक्कड म्हणजे मच्छीमार सोसायटीचे चेअरमन गजूकाका यांच्या. ही गोष्ट घराबाहेर कुणाला माहीत नव्हती. म्हणजे नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसापर्यंत नव्हती.

बाबांनी यंदा बोटीसाठी हातात धरायचा नवा वायरलेस सेट आणला. गेल्या मोसमात माझ्या मामाच्या बोटीचं इंजिन भर समुद्रात बंद पडलं. मामा मदतीच्या सोळा नंबरवर हाका मारत राहिला आणि बाबांचा सेट होता बाहत्तरवर, जिथे आमच्या बंदरातल्या बोटी गप्पा मारतात. मामाला दुसऱ्याच कुणीतरी ओढून आणलं. बाबांना ते लागून राहिलं. म्हणून नवा सेट आणला तो स्कॅन करणारा, म्हणजे दोन्ही नंबर आळीपाळीने ऐकणारा. फक्त ते नंबर त्याच्या मेमरीत घालायचे होते आणि सोबतचं पुस्तक इंग्रजीत होतं.

"उद्या पहाटे बोट सुटणार," बाबा म्हणाले. "स्कॅन चालू झाल्याशिवाय मी बंदर सोडणार नाय."

मला एकाग्र होता यावं म्हणून त्यांनी सगळ्यांचे फोनसुद्धा बंद करून ठेवले. एवढा मान मला बारावीलाही मिळाला नव्हता!

मी पुस्तक उघडलं. पहिली दोन पानं सोडली. (पहिल्या पानांवर नुसत्या सूचना असतात.) सोळा लावला, बटण दाबलं, पडद्यावर चांदणी आली. बाहत्तर लावला, दुसरी चांदणी आली. स्कॅन दाबलं आणि आकडे सोळा-बाहत्तर, सोळा-बाहत्तर असे नाचायला लागले. बाबांचा चेहरा उजळला.

"बोलून बघू?" म्हणत त्यांनी बाजूचं मोठं बटण अंगठ्याने करकचून दाबलं. "हॅलो, हॅलो!"

झालं. आकडे बाहत्तरवर थांबले ते थांबलेच. लाल दिवा लागला आणि सेट ठार मुका झाला.

"आता हे काय?"

"लाल दिवा म्हणजे तो लक्ष देऊन ऐकतोय," मी ठणकावून सांगितलं.

पाच मिनिटांनी सेटने पीं केलं आणि दिवा विझला. मी बंद करून चालू केला. पुन्हा बाहत्तर, पुन्हा लाल. खरखर कमी करायची गुंडी फिरवली. काही नाही. मेमरी पुसली, दोन्ही नंबर पहिल्यापासून घातले. तरी लाल. असं सहा वेळा झालं.

"परत पाठवा दुकानात," आई म्हणाली. "आणि गजूभावजींना विचारू नका हां. गेल्या वर्षी नेलेलं आपलं पातेलं अजून दिलं नाय त्यांनी!"

"पाठवला तर आठ दिवस जातील," बाबा वैतागले. "नाटे गावाच्या पुढे ते पाण्यात बुडालेलं खडकाचं खडप हाय ना, त्याच्या भायेरच्या अंगाला उद्या पापलेट लागणार. माझ्याशिवाय कुणाला ठावूक नाय ती जागा!"

त्यांचं तोंड इतकं पडलं की मला राहवेना. त्यांना हसवायला मी उठले, पोट पुढे काढलं आणि सेट माईकसारखा तोंडापुढे धरून गजूकाकांचं कालचं नारळी पौर्णिमेचं भाषण सुरू केलं.

"बंधूंनो! आणि, अं, भगिनींनो! मी जास्त बोलणार नाय!" (यानंतर ते पाऊण तास बोलतात.) "जेट्टीवरचा दिवा मी लावला! जेट्टी मी लावली! समुद्रसुद्धा..."

"समुद्रसुद्धा..." दारातून माझाच आवाज आला.

दारात गजूकाका उभे होते. त्यांच्या हातात त्यांचा सेट होता. पुढच्या क्षणी दोन्ही सेटनी मिळून अशी काही शिटी मारली की आईच्या हातातला चहाचा कप सुटला.

त्यांनी आपला सेट बंद केला. मग शांतपणे म्हणाले, "वहिनी, पातेलं आणलंय." खरंच आणलं होतं. "तासभर फोन लावतोय, एकाचाही लागत नाय. सगळं बंदर तुमचं घर ऐकतंय. बोलायचं बटण अडकलंय बघा!"

आईने माझ्या हातातून सेट ओढला आणि डोक्याची पिन काढून मोठ्या बटणाच्या फटीत घातली. कुंकवात भिजलेला तांदळाचा एक दाणा टुपकन बाहेर पडला.

"अगोबाई, ही तर माझी अक्षता!"

आदल्या दिवशी जाळ्याची आणि इंजिनाची पूजा केली तेव्हा तिने नव्या सेटलाही हळदकुंकू आणि अक्षता वाहिल्या होत्या. सेट वॉटरप्रूफ होता, अक्षताप्रूफ नव्हता. बटण वर आलं, दिवा विझला, आकडे पुन्हा नाचू लागले. मी गुपचूप पुस्तकाचं पहिलं पान उघडलं. तिथे ठळक अक्षरांत छापलं होतं: लाल दिवा म्हणजे तुम्ही बोलताय.

पहाटे बाबा निघाले, सोळा आणि बाहत्तर दोन्ही ऐकत. खडपापाशी पोचले तर तिथे आधीच नऊ बोटी उभ्या! बाहत्तरवरून स्वागतही झालं, "या, या, उशीर केलात!" तरी संध्याकाळी परतले ते हसत. "पापलेट वाटून गेलं, पण सेट झकास हाय," म्हणाले. "मामाची हाक आता चुकायची नाय."

मी टोपली घेऊन जेट्टीवर गेले होते. लिलाव थांबवून सगळे माझ्याकडे वळले. गजूकाका पुढे आले.

"काय गो, समुद्राचं अर्धंच राहिलं होतं. पुरं कर की!"

मी तोंड उघडलं. आवाज आला नाही. मी मान हलवली.

गजूकाका बाबांकडे वळून म्हणाले, "अरे, हिला परत एक अक्षता लाव!"