नऊशे रुपयांतलं सफरचंद

"हा तक्ता नीट बघा," आमच्या कॉलेजच्या मॅडम म्हणाल्या. "हे कुटुंब तुमच्यासारखंच आहे. माणसं पाच. किराणा-भाजीला आठवड्याचे नऊशे रुपये. तरी घरात दूध आहे, अंडी आहेत, फळ आहे. मग तुमच्याच पोरांचे हातपाय काड्यांसारखे का?"

समाजमंदिरात चाळीसेक बाया सतरंजीवर बसल्या होत्या. 

"पैशाचा प्रश्न नसतो, प्लॅनिंगचा असतो. मोबाइलचा रिचार्ज वेळेवर होतो ना? पोराला वेफर्सची पुडी रोज मिळते ना? मग पालक आणायला काय होतं? आई आळशी असली की घर उपाशी राहतं. कडू लागेल, पण खरं आहे."

तक्त्याचं एक टोक माझ्या वर्गातल्या एका मुलीने धरलं होतं, दुसरं मी. तिसऱ्या रांगेत माझी आई होती. पाच घरच्या धुण्याभांड्यांतून अर्ध्या दिवसाची सुट्टी मागून आली होती. मान खाली घालून ऐकत होती.

तो तक्ता आमच्याच घराचा होता. हे तिला माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

हे सांगताना माझी बाजू बरी दिसेल असं मला लिहायचं नाही. म्हणून आधी माझी चूक सांगते.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. आजोबा मिठागरावर मजूर होते. जमीन दुसऱ्याची, त्यामुळे पुढे सरकारने जमिनी घेतल्या तेव्हा बदल्यात भूखंड मिळाले तेही दुसऱ्यांना. बाबा आता उलव्याच्या इमारतींत प्लास्टरचं काम करतात. ठेकेदार पूर्ण मजुरी कधीच हातात देत नाही. दर रविवारी खर्ची देतो, म्हणजे आठवडा ढकलण्यापुरते पैसे. आईचा पगार खोलीच्या भाड्यात आणि आमच्या फीत जातो. ती खर्ची घेऊन आई संध्याकाळी उरण नाक्याच्या बाजारात जाते, अंधार पडायच्या बेताला. तेव्हा भाजीवाल्यांना घरी जायची घाई असते आणि वीसचा वाटा दहाला मिळतो. मऊ पडलेले टोमॅटो, देठ काळे झालेली वांगी. ती घरी आणून निवडते. अर्धं टाकावं लागतं.

रेशनचा तांदूळ असतो. तूरडाळ अर्धा किलो, त्यात मसूर मिसळायची. सोमवारी डाळ घट्ट. गुरुवारी त्याच पातेल्यात तळ दिसतो. शुक्रवार-शनिवारी सुकटीची चटणी आणि भात. आणि आईचे उपास. शुक्रवारी देवीचा, शनिवारी मारुतीचा. कधी संकष्टी नसताना संकष्टी. मला हे कळत होतं. खोटं कशाला बोलू, बारावीपासून कळत होतं. तरी ती "मना उपास हाय" म्हणाली की मी तिच्या वाटणीचा भात धाकट्या भावंडांना वाढायचे आणि थोडा स्वतः घ्यायचे.

कॉलेजात प्रकल्प दिला. स्वतःच्या घराचा आठवड्याचा आहार लिहून द्यायचा. रकाने आखलेले. वडील, आई, मुलं. सकाळी, दुपारी, संध्याकाळी, रात्री. शेवटी खर्च.

वर्गात भरताना आईच्या ओळीपाशी मी अडकले. सकाळी ती काय खाते? आठवेना. आठवण्यासारखं काही नव्हतंच. चहा पिते, कोरा. तेवढंच लिहिलं असतं तर रांगेतल्या सगळ्यांना दिसलं असतं. माझ्या बाजूला नवीन पनवेलच्या एका मैत्रिणीचा कागद उघडा होता. दूध, पोहे, सफरचंद, दोन उकडलेली अंडी, मोड आलेली मटकी. मी तो उतरवून काढला. फक्त पनीर गाळलं. पनीर लिहायची भीती वाटली.

खर्चाचा रकाना मात्र घरी विचारून भरला. आई म्हणाली, "नऊशे लिव. कंदी कमी पन."

लिहिलं. खाणं दुसऱ्याचं, आकडा आमचा.

मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाल्या, "नऊशे रुपयांत एवढं? तुझ्या आईचं कौतुक केलं पाहिजे." माझ्या घराबद्दल कॉलेजात कुणी चांगलं बोलण्याची ती पहिलीच वेळ. मी बोलायला हवं होतं. मी हसले. मग मॅडमनी वस्त्यांमधल्या आहाराच्या कार्यक्रमासाठी मोठा तक्ता करायला सांगितला, नाव न घालता. मी घरी सांगितलं, कॉलेजचं काम आहे. सफरचंद लाल स्केचपेनने रंगवलं. ते छान आलं होतं.

कार्यक्रम आमच्याच वस्तीत आहे हे दोन दिवस आधी कळलं. तेव्हाही गप्प बसले.

तर समाजमंदिरात आमच्या शेजारच्या जनाकाकू उठल्या. त्या सुकट विकतात, हिशेब त्यांच्या जिभेवर असतो.

"मॅडम, येक इचारू? पाच जनांना कपकप दूद धरला तरी रोजचा लिटर जातो. आठवड्याचे सवाचारशे तितंच गेले. मग अंडी काय कोंबडी पुन्याईन घालते?"

बाया हसल्या. आईसुद्धा पदर तोंडाला लावून हसली.

"आनि त्या बायचा पत्ता द्या," जनाकाकू म्हणाल्या, "मी जेवाला जाते."

मॅडमचा चेहरा उतरला नाही. कडक झाला. "हेच. शिकायचं नाही, दात काढायचे. म्हणून तुम्ही आहात तिथेच आहात." मग माझ्याकडे वळल्या. "तू सांग गं, हा खरा सर्व्हे आहे ना?"

चाळीस बाया माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी मला लहानपणापासून बघितलेलं. त्यातल्या दोघींनी मला न्हाऊ घातलेलं.

"हो मॅडम," मी म्हणाले.

हसणं थांबलं. कॉलेजात शिकणारी आपली पोरगी सांगते म्हणजे खरं असणार. जनाकाकू खाली बसल्या. त्यांनी पदर सारखा केला आणि पुन्हा वर बघितलं नाही. मी तो तक्ता आणखी अर्धा तास धरून उभी होते. हात भरून आले तरी खाली केला नाही.

संध्याकाळी बाबा कामावरून आले. वस्तीत बातमी त्यांच्या आधी पोचली होती. गुरुवार होता. आईने ताट वाढलं. बाबांनी डाळीत बोट बुडवून बघितलं.

"ती कोन बाय हाय, नऊशेन पोरांना दूद पाजते. अंडी देते. आनि तू? तितकेच पैशे तुज्या हातान देतो मी. कुटं जातान?"

आई म्हणाली, "नसंल मना अक्कल."

"नायच हाय."

 आईने बाबांच्या ताटात आणखी भात वाढला. आपल्या वाटणीचा. तिचा हात नेहमीसारखाच चालला होता. तिने ते मान्य केलं होतं. आपण वाईट आई आहोत, हे तिने दुपारी समाजमंदिरातच मान्य केलं होतं आणि तेच घेऊन घरी आली होती. ते तिला मी दिलं होतं.

"बाबा," मी म्हणाले, "ती बाय म्हंजे आईच हाय. तो कागद आपल्या घरचा हाय. मी खोटा लिवला."

बाबांचा घास हातातच राहिला. मला वाटलं, मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी ताट सरकवलं आणि बाहेर जाऊन बसले.

 आईने विचारलं, "माज्यापुढं काय लिवलंस?"

"दूध. आणि एक सफरचंद."

"रोज?"

"रोज."

"गोड व्हता का?"

ती टोमणा मारत नव्हती. रागावलीही नव्हती. मला अजून ठरवता येत नाही ती काय होती. पातेलं घेऊन मोरीत गेली आणि घासायला बसली. त्या दिवशी ती जेवली नाही. कुठल्या देवाचं नावही घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमकडे गेले. सगळं सांगितलं.  त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मलाही शंका आली होती," त्या म्हणाल्या. "जाऊ दे. मेसेज तर चांगला आहे ना? सोमवारी उलव्याच्या लेबर कॅम्पमध्ये हाच कार्यक्रम आहे. नऊशेचे बाराशे कर. तिथे कोण हिशेब करत बसणार आहे?"

मला वाटलं होतं, त्यांना माहीत नाही. मी फसवलं म्हणून त्या फसल्या. तसं नव्हतं. शंका त्यांना समाजमंदिरातही होती. तरी त्यांनी माझ्याकडून सगळ्यांसमोर 'हो' वदवून घेतलं. बायांना गप्प करायला त्यांना वस्तीतलंच तोंड हवं होतं. ते मी दिलं.

"मी आकडा बदलणार नाही," मी म्हणाले. "तक्ताही देणार नाही."

"मग प्रकल्पाचे मार्क मिळणार नाहीत."

"नकोत."

"खोटं तू लिहिलंस. आता मला शिकवतेस?"

"खोटं मी लिहिलं, मॅडम. त्याची शिक्षा द्या. पण ते आता दुसऱ्या कुणाच्या आईला दाखवू नका."

बाहेर आले तेव्हा बरं वाटलं नाही. धीट झाल्यासारखंही वाटलं नाही.

शनिवारपासून वस्तीत दारोदार जाऊन सांगते आहे. पहिल्यांदा जनाकाकूंकडे गेले. त्यांनी ऐकलं आणि सुकटीची टोपली तशीच झटकत राहिल्या. "आता सांगून काय गो? त्या कागदापायी माज्या सूनंला पोरगा बोल बोल बोलला. ती रडत माहेरी गेली. तिला आनशील तू?"  त्यांनी बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. बाकीच्या घरांत कुणी दार लावून घेतलं, कुणी नुसतं बरं म्हटलं. माफ केलं असं कुणी म्हणालं नाही. मी ते मागणारही नाही.

सोमवारी मॅडम उलव्याला जाणार आहेत. नवा तक्ता दुसऱ्या मुलीच्या अक्षरात आहे, आकडा बाराशेचा. मला बोलावलेलं नाही. मी जाणार आहे. बायांमध्ये बसणार. तक्ता उघडला की उठणार. आधी सांगणार की हे खोटं मी लिहिलं. मग सांगणार की हे खोटं आहे ते मॅडमना ठाऊक आहे. मला बाहेर काढायला येतील. येऊ देत. सगळं बोलून झाल्याशिवाय मी जागची हलणार नाही.