भट्टीच्या कांडीला हळद-कुंकू

रिसोडात आमच्या बेकरीची विटांची भट्टी पाडून यांनी गॅसची भट्टी आणली, तेव्हा अख्ख्या गल्लीला सांगत फिरले की आता धूर नाही, राख नाही, नुसतं बटण. बटण होतं खरं. पण गेल्या साली ऐन दिवाळीच्या तोंडावर ते दाबलं की भट्टी नुसती घुरघुरायची अन् गप्प व्हायची.

आमच्याकडे दिवाळीला गल्लीतल्या बायका घरून मैदा, तूप, पिठीसाखर घेऊन येतात, आमच्याच ओट्यावर बसून नानखटाई मळतात अन् भाजून नेतात. बेकरीची सारी पत त्यावर. एकीचा डबा दुसऱ्या दारात गेला की तिच्यामागं सगळ्या जातात. त्यामुळं माझा जीव नुसता टांगणीला लागला होता.

वाशीमहून मेकॅनिक आला अन् म्हणाला, इग्नायटर गेला. म्हणजे बोटाएवढी एक काळी कांडी. तिच्यात करंट गेला की ती निखाऱ्यासारखी लाल होते, मग गॅस सुटतो अन् पेट घेतो. शेजारीण म्हणाली, त्यात काय, आगपेटीची काडी ओढा. तर नाही! कांडी लाल झाल्याशिवाय भट्टी गॅसच सोडत नाही. इतकी सोवळी भट्टी मी जन्मात पाहिली नव्हती.

नवी कांडी अकोल्याहून पार्सलनं आली. मेकॅनिकनं फोनवर यांना बजावलं की तिला पांढऱ्या बुडाशी धरा, काळ्या भागाला बोट लावू नका, बोटाचं तेल लागलं तरी तापल्यावर तडकते. हे "हो, हो" म्हणाले. यांचं "हो, हो" म्हणजे फोन ठेवायची घाई, दुसरं काही नाही.

खोकं उघडलं अन् गल्ली गोळा झाली. आपल्याकडं वस्तू पाहायची म्हणजे हातात घ्यायची. एकीनं नखानं वाजवून पाहिली. समोरच्या किराणावाल्या चाचांनी तळहातावर तोलली अन् एवढीशी चीज भट्टी पेटवते म्हणून नवल केलं. हे मधे उभे राहून कौतुक करून घेत होते, जसं काही यांनीच तिला जन्म दिला. हात लावू नका म्हणून मी घसा कोरडा केला, पण ऐकतो कोण?

तेवढ्यात सासूबाई ताट घेऊन आल्या. ट्रॅक्टर असो की मोटरपंप, कुंकू लागल्याशिवाय आमच्या घरी काही सुरू होत नाही. मी म्हटलं, "आत्याबाई, हिले हात लावाचा नाही."

"बिनहाताची पूजा करते काय कोनी?" त्या म्हणाल्या, अन् निरांजनात तेल घालताना माखलेल्या बोटानंच हळद-कुंकू लावलं. तेही नेमकं काळ्या भागावर, कारण तिथं उठून दिसतं.

यांनी कांडी बसवून बटण दाबलं. भट्टी पेटली मात्र झकास. बायकांनी टाळ्या वाजवल्या. यांनी लगोलग मेकॅनिकला फोन लावून सुनावलं की काही होत नाही हो, तुम्ही उगाच भेवाडता. पहिले ट्रे आत सरकायच्या आधीच टक्क झालं, कांडी तडकली, गॅस तुटला अन् भट्टी विझली. सासूबाई म्हणाल्या, माल हलका पाठवला मेल्यांनी.

दुसरी कांडी येईस्तोवर दिवाळी सरली असती. मळलेलं पीठ थोडीच थांबते! बायकांनी आपापले डबे उचलले. शेजारणीनं कढईत मीठ तापवून नानखटाई भाजली अन् गल्लीत वाटली. खोटं कायले बोलू, चांगली झाली होती.

यंदा दिवाळीआधी यांनी खबरदारी म्हणून हातमोजे घालून आणखी एक नवी कांडी बसवली. सासूबाईंनी ताट लांबूनच ओवाळलं. भट्टी एका दमात पेटली. ओट्यावर सतरंजी अंथरून आम्ही दिवसभर वाट पाहिली. कोणीच आलं नाही.

संध्याकाळी यांनी बटण बंद केलं अन् आमच्याच पिठाचा डबा माझ्या हातात दिला. "एका ट्रेसाठी एवढी भट्टी कायले जाळाची? शेजारीण कढई तापवून राह्यली. तिच्याकडूनच भाजून आन."

मी गेले. तिच्या ओट्यावर सगळी गल्ली बसली होती. सरकून त्यांनी मला जागा दिली, पण नंबर माझा शेवटचा होता.