मढवर नसलेली बाई

लवू गावड्याच्या नावावर एक बाई लागली ती भर सत्यनारायणाच्या पूजेत, पोयसरच्या चाळीतल्या समस्त बायाबापड्यांसमोर. आणि ती खरी आहे म्हणून सर्वांत आधी होकार भरला तो खुद्द लवूनेच.

त्याचं असं झालं. चाळीत माघात पूजा घालायची रीत होती आणि पूजा झाली की गाऱ्हाणं घालायचं ते गुणाजी परबांनी. गुणाजींचा आवाज म्हणजे गिरणीचा भोंगा. गिरण्या संपात बंद पडून चार वर्षं होत आली, पण भोंगा पोयसरला चालू होता. ज्याला जे मागायचं असेल ते त्याने गुणाजींच्या कानात आधी सांगून ठेवायचं. मग ते हात जोडून, डोळे मिटून, देवाला ऐकू जाईल अशा बेताने ओरडायचे. देव म्हणजे त्यांच्या हिशेबात विरारला राहत असावा.

"बा देवा सत्यनारायणा, म्हाराजा..."

"होय म्हाराजा," सगळी चाळ.

"आज तुझ्या लेकरांनी जी काय वेडीवाकडी सेवा केली, ती गोड मानून घे, म्हाराजा..."

"होय म्हाराजा."

कोणाच्या पोराची नोकरी, कोणाच्या सुनेची कूस मागून झाली, आणि मग गुणाजींनी दम घेतला.

"ह्यो जो लवू, तुझा लेकरू, मढाक बंगल्यार वॉचमन ऱ्हवता, त्येच्या मागे जी कोण बाईलमाणसाची पीडा लागली आसा, तिका बारा वाटांनी पळव, आणि ह्येका रातचो आपल्या घराक धाड, म्हाराजा..."

"होय म्हाराजा," चाळ म्हणाली. आणि चाळीबरोबर, सवयीने, डोळे मिटून, मान डोलवत लवूही म्हणाला, "होय म्हाराजा."

मग त्याने डोळे उघडले. सगळे त्याच्याकडे बघत होते. बायकांत बसलेली मालन, त्याची बायको, मात्र जमिनीकडे बघत होती. तिने गुणाजींना नुसतं "जरा मोघम घाला हां" असं सांगितलं होतं. पण देवाकडे मोघम बोललेलं चालत नाही, अर्ज परत येतो, असा गुणाजींचा पक्का अनुभव.

आता खरं काय होतं, ते सांगायला थोडं मागे जायला हवं.

लवू कणकवलीकडचा. मिशी फुटायच्या आत गिरणीत लागला, साच्यावर, म्हणजे मागावर, पोचला, लग्न केलं आणि मालनला पोयसरच्या खोलीत आणलं. पण खोली एकट्याची कुठली? दोन मावसभाऊ, एक चुलता, गावचे दोघे-तिघे पाळीवाले. कोणी दिवसाचा झोपलेला, कोणी रातचा. नवराबायकोने एकमेकांकडे बघायचं तर चुलत्याच्या घोरण्याचा अंदाज घेऊन. म्हणून रविवारी ती दोघं होडीने गोराईला जायची. तिथे काही करायची नाहीत. माडांच्या सावलीत चणे खात बसायची आणि मालन म्हणायची, "आपली अशी एक खोली असती, नाय? फक्त आपली." लवू म्हणायचा, "व्हयत गो. एक दिस व्हयत."

तो दिस आला, पण तो संप घेऊन आला. भाऊ गावाला गेले, चुलता गेला, लेक शकु आजीकडे शाळेला गेली. खोली एकदम फक्त त्यांची. आणि नेमकं तेव्हाच लवूच्या अंगाने दगा दिला.

पहिल्यांदा तो हसला. "दमलंय," म्हणाला. दुसऱ्यांदा म्हणाला, "गाववाल्या सहदेवने पाजली, ती चढली." त्याच्यानंतर कारणं संपली. मालनने नुसता त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि त्या हाताचीच त्याला इतकी भीती बसली की संध्याकाळ झाली की तो चाळीबाहेर रेंगाळत राहायचा. हा प्रकार जगात कोणाला होत असेल असं त्याला वाटेना. गिरणीत पाच हजार माणसं बघितली होती. सगळी नुसती मर्दुमकीच्याच गोष्टी सांगायची.

बोरिवली स्टेशनाबाहेर एक तंबू होता. बाहेर बरण्या, बरण्यांत मुळ्या, एका बरणीत सरड्यासारखं काहीतरी, आणि आत फेटेवाला. तोंडात पान, त्यामुळे प्रत्येक शब्द भिजून बाहेर पडायचा. "आव भाई, बैठो. शरमाव मत. बचपन की गलती है ना? सबने की है. राजा ने भी की, फकीर ने भी की." लवूला आपली लहानपणची चूक म्हणून गावात कोणाच्या तरी बागेतले चोरलेले काजू आठवले. फेटेवाल्याने नाडी धरली, डोळे फिरवले, पुड्या दिल्या. पुड्यांनी लवूचं पोट तेवढं साफ झालं, बाकी होतं तिथेच.

मग त्याच सहदेवने मढला ज्या बंगल्यात तो स्वतः होता तिथे लवूला चिकटवलं. बंगला एका शेठचा. सिनेमावाले भाड्याने घ्यायचे. एकाने दिवस करायचा, एकाने रात्र. लवूने तोंडाने मागून रात्र घेतली. सहदेवला वाटलं, माणूस किती चांगला. आणि मालन त्या इतक्या वर्षांनी मिळालेल्या खोलीत एकटी झोपायला लागली.

बाईमाणसाने याचा काय अर्थ लावावा? नवरा रातचा घरी येत नाही, आला तर पाठ करून झोपतो, नोकरी सिनेमाच्या बंगल्यावर. शेजारच्या वनमालाने तर बोटं मोडून सांगितलं, "मालन, मी सांगतंय तुका, नाचात मागे असतत ना, त्यातली आसतली एक." म्हणून ते गाऱ्हाणं.

आणि गाऱ्हाण्यानंतर काय व्हावं? लवूची वाट लागावी की नाही? तर उलटंच. दुसऱ्या दिवशी नळावर चाळीतला खंडू त्याची बादली भरून द्यायला लागला.

"काय लवूशेट. छुपे रुस्तम."

"गप रे."

"नाय, नाव नको सांगू. फक्त सांग, कलर पिक्चरवाली का?"

जे लोक लवूला संपात हरलेला वॉचमन म्हणायचे, ते त्याच्यासाठी बाकावर सरकून जागा करायला लागले. आणि लवूला, खोटं कशाला, बरं वाटलं. ज्या गोष्टीने तो रात्र रात्र जळत होता, त्याच्या बरोबर उलट गोष्ट चाळ त्याच्याबद्दल मानत होती. नाही म्हणायला त्याने तोंड उघडलं, आणि तोंडातून आपोआप एक हसू बाहेर आलं. अर्धंच. पण ते हसू मालनने कपडे वाळत घालताना बघितलं.

तिने रडारड केली नाही. ट्रंक काढली. "शनवारच्या एस्टीन शकुकडे जातंय," म्हणाली. "तुमी खुशाल ऱ्हवा."

लवू उंबऱ्यात उभा. सांगायचं तर हेच सांगायचं होतं की बाई नाही. पण बाई नाही तर मग काय, हा पुढचा प्रश्न आलाच. एका बाजूला चाळीतली नवी इज्जत, दुसऱ्या बाजूला ट्रंकेत घड्या होऊन जाणारी मालनची लुगडी. तो तसाच ड्युटीवर निघून गेला. आणि दुसऱ्या सकाळीही घरी परतला नाही. सहदेवला म्हणाला, तू जा, तुझा दिवस मीच करतो.

त्याच दुपारी मालन मालाडहून बस धरून मढला आली. जायच्या आधी एकदा तरी बघायची होती तिला ती.

बंगल्यावर शूटिंग चाललं होतं. हातात भोंगा घेतलेला एक जाडा माणूस कोकलत होता, "प्यार, बेटा, प्यार. आँख में प्यार लाव. सब्जी नहीं खरीद रही हो." हिरॉईन बिचारी घामाने निथळत, हिरोच्या छातीवर डोकं टेकवून पुन्हा पुन्हा तेच प्रेम करत होती. मधे मेकअपवाला येऊन तिचं नाक पुसून जायचा. मालन फाटकाशी उभी राहून बघत राहिली.

"ती काय?" मागून आलेल्या लवूला तिने विचारलं.

"ती?" लवू म्हणाला. "तिका माझा नावपण म्हायत नाय. 'ए चौकीदार, पंखा' म्हणता माका."

"मगे खयची?"

"ये हयसर."

मागच्या अंगाला विहिरीकडे पायऱ्या होत्या. तिथे दोघं बसली. पुढून जाड्याचा आवाज येतच होता, वन्स मोर, वन्स मोर. लवू बराच वेळ नखाने पायरीवरचं शेवाळ खरवडत बसला.

"बाई नाय, मालन. कोणच नाय. माका जमणा नाय. म्हणान मी हय पळान येतंय."

मालनला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. तिने पदर तोंडाला लावला, आणि लवूला वाटलं रडते, तर ती हसत होती. मग खरंच रडायला लागली.

"आणि मी बाईच्या नावान उपास धरलेलंय," ती म्हणाली. "इतकी वर्सां मी आरशात बघून बघून विचार करतंय, माझा काय बिघाडला. केस पिकले, की काय झाला. तुमी एक शब्द सांगूक नाय?"

"कसा सांगू? तुझ्यासमोर मान खाली जाता."

"आणि हय पंख्याखाली वर रवता ती मान?"

लवू पुन्हा शेवाळ खरवडायला लागला.

"ताप इलो तर डॉक्टराकडे जातत ना," मालन म्हणाली. "ह्येका काय मुहूर्त लागता?"

शनिवारची एस्टी तिच्याशिवाय गेली. शनिवारी ती दोघं कांदिवलीत जयंतीभाई डॉक्टरांकडे बसली होती. जयंतीभाईंचं मराठी म्हणजे अर्धी भाकरी, अर्धा ढोकळा. लवूने आधी सर्दी सांगितली. मग पाठदुखी. मालनने त्याला कोपर मारलं, आणि मग ते निघालं, एका दमात, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत.

डॉक्टर हसले नाहीत, की दचकलेही नाहीत. "एमां शू? त्यात काय?" म्हणाले. "लवूभाई, या खुर्चीवर बसून हेच सांगणारा तुमी काय पहिला नाय. पोलीस बसलाय, मास्तर बसलाय, एक तर पेहलवान बसलाय. आता मला सांगा, पाणी किती पिते तुमी? तहान लागते? रातचा उठावा लागते?"

"उठतो ना. सारखा उठतो," लवू म्हणाला. "मला वाटलं, वॉचमनकीची सवय."

"आणि ज्या जागेवर जाते, तिथे मुंगी येते?"

लवू आणि मालन एकमेकांकडे बघायला लागली. मोरीतल्या मुंग्यांवर मालन कधीची राखाडी टाकत होती.

डॉक्टरांनी लवूला बाटली दिली, मग काचेच्या नळीत निळं पाणी घेतलं, त्यात त्याच्या लघवीचे थेंब टाकले आणि स्पिरिटच्या दिव्यावर धरलं. निळं पाणी हिरवं झालं, पिवळं झालं आणि बघता बघता विटेसारखं लाल. "साखर," डॉक्टर म्हणाले. "रक्ताची तपासणी करून पक्का करू. पण बघा, साखर वाढली की बारीक नसा, रक्ताच्या नळ्या, समदं खराब करते. तिथलापण. मग एक वेळा नाय झाला की मनात भीती बसते, आणि भीतीने दुसऱ्या वेळी पण नाय. शरीराचा थोडा, मनाचा थोडा. ते बचपन की गलती समदा बकवास. पुडी घेतली होती ना? घेतलीच असणार."

"बरा होईल?" हे मालनने विचारलं.

"साखर खाली आणायची. गोळी, पथ्य, चालायचा. बिडी बंद, दारू बंद. कोणाला पुष्कळ फरक पडते, कोणाला थोडा. खोटा नाय सांगणार मी, बेन. नाय पडला तर मोठ्या हॉस्पिटलमधे याचे डॉक्टर असते, तिथे चिठ्ठी देईन. पण साखर तर पकडलीच पायजे, नायतर डोळा जाईल, किडनी जाईल. हा प्रॉब्लेम आला म्हणून तुमी इथे आले, नायतर आले नसते."

बाहेर आल्यावर लवू पानाच्या ठेल्याशी थांबला, खिशातलं बिडीबंडल काढून बघितलं आणि पुन्हा खिशात ठेवलं. ते सुटायला पुढे दिवाळी उजाडली. दारू मात्र त्याच आठवड्यात सुटली. सहदेवशी बोलून त्याने दिवसाची पाळी मागितली. "काय रे, बाईन सोडल्यान?" सहदेवने विचारलं. लवूने यावेळी हसू येऊ दिलं नाही. "बाई नव्हतीच. माका साखर झालीहा," म्हणाला. ते चाळीत पोचलं, आणि खंडूने दुसऱ्या दिवसापासून बादली भरून देणं बंद केलं.

सगळं जादूसारखं झालं असं नाही. साखर उतरली, चढली, पुन्हा उतरली. तसं दुसरंही. काही रात्री जमलं, पुष्कळ रात्री नाही. पण नाही जमलं तर आता लवू भिंतीकडे तोंड फिरवत नसे. दोघं उताणी पडून छताकडे बघत बोलत बसायची, शकुच्या पत्रावर, वनमालाच्या नकला करत. मालन तिचा आवाज इतका हुबेहूब काढायची की शेजारून वनमाला ओरडायची, "काय गो, माका बोलावलंस?" मालन मग उशीत तोंड खुपसायची, आणि तिचा हात त्याच्या हातात तसाच राहायचा.

आणि एक गोष्ट अशी झाली जी डॉक्टरांनी सांगितलीच नव्हती. त्याला मालनची ओढ लागायला लागली. भीती होती तेव्हा ओढ कुठे गेली होती कोण जाणे. ती परत आली ती भरदुपारी, मढला, फाटकात उभं असताना. वाऱ्याला सुकत घातलेल्या बोंबलांचा वास यायचा, हिरो-हिरॉईन सावली शोधत बसलेली असायची, आणि लवू उगाचच पोयसरच्या खोलीत मालन आत्ता काय करत असेल ते मनात रंगवत राहायचा. तांदूळ निवडत असेल. केस विंचरत असेल. वीस वर्षांचा असताना साच्यासमोर उभा राहून जे वाटायचं तेच, फक्त आता त्यात थोडं दुखायचंही.

एका संध्याकाळी तो जाड्या, भोंगेवाला, त्याच्याकडे आला.

"ए चौकीदार, आज नाइट में रुक जा. बारिश का सीन है, आदमी कम है. खाना मिलेगा, दारू मिलेगी."

"नाही साब," लवू चपला घालत म्हणाला. "घर जाना है."

"घर में क्या रखा है? कोई बैठी है क्या तेरे वास्ते?"

"बैठी है," लवू म्हणाला, आणि बस सुटेल म्हणून त्याने पाय उचलला.