लीलाताईंनी सही केली नाही

फेब्रुवारीतला रविवार, संध्याकाळ. स्थळ: कमानिया गेटजवळचा आमच्या मंडळाचा हॉल. हजर: अवयवदानावर बोलायला आलेले डॉक्टर, नेहमीचे सभासद, चिटणीस या नात्याने मी, आणि दाराजवळच्या खुर्चीत लीलाताई.

लीलाताई खमरियाच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. वाचल्याशिवाय त्या कशावरच सही करत नसत. मंडळाच्या बरगी धरणाच्या सहलीचे नियमही त्यांनी शेवटपर्यंत वाचले होते, तोवर बस खोळंबली होती. मी मात्र चहाच्या आत अवयवदानाच्या फॉर्मवर सगळ्यांच्या सह्या मिळवायच्या बेतात होते. पेनंही जास्तीची आणली होती.

"इथे 'मृत्यूनंतर' लिहिलंय," लीलाताई म्हणाल्या. "छाती हलून राहिली, हात गरम, अन् तुम्ही म्हणता मेली?"

"छाती मशीनमुळे हलते, ताई," डॉक्टर म्हणाले. "मेंदू गेला की माणूस परत येत नाही."

"येत नाही, मान्य. पण परत न येणं अन् जाणं एकच आहे काय?"

चहा थंड झाला. मी घड्याळ पाहत राहिले.

परतताना रिक्षात त्यांनी मला समजावलं. "द्यायला माझी ना नाही. पण मेली म्हणून घेऊ नका. देऊन राहिली म्हणून घ्या."

"एवढं फॉर्मवर कुठे मावणार?"

"मग मोठा छापा ना. तुम्हाला सगळं एका ओळीत काहून पाहिजे?"

वार्तापत्रात मी लिहिलं, 'सर्वांचा संकल्प. लीलाताईंचा विरोध.' मोजकं लिहिण्याबद्दल मंडळात माझं नाव आहे.

पुढच्या पावसाळ्यात लीलाताईंच्या मेंदूत रक्तस्राव झाला. डॉक्टरांनी दोनदा तपासून मेंदू मृत झाल्याचं सांगितलं आणि त्यांच्या धाकट्या भावाला, अरुणला, अवयवदानाबद्दल विचारलं. मी दवाखान्यात पोचले तेव्हा तो नकार देऊन बसला होता.

"ताई विरोधात होती. तुम्हीच तर छापलं, दीदी."

मी रिक्षातलं बोलणं सांगितलं. या वेळी एका ओळीत नाही.

"पक्कं?"

"पक्कं."

"मग सही करू ते तिला मेलेली समजून की जिवंत?"

माझ्याकडे सहसा प्रत्येक प्रश्नाचं उत्तर असतं. "अरुणभैया, समजायचं काय ते मला नाही माहीत," मी म्हणाले. "द्यायचं होतं, एवढं माहीत आहे."

तो आत गेला. लीलाताईंचा हात हातात घेऊन कानाशी वाकला. "ताई, तू देऊन राहिली ना? मी फक्त सही करून राहिलो." मग त्याने फॉर्म घेतला आणि सगळा वाचला. डॉक्टर थांबले. मीही थांबले, घड्याळ न बघता.

दोन्ही मूत्रपिंडं आणि यकृत गरजूंना गेलं.

आता वर्षश्राद्ध आलंय. तयारी अरुणने माझ्यावर सोपवली. अशी कामं माझ्याकडे आपोआप येतात. गुरुजी ठरले, स्वयंपाकीण ठरली, केळीची पानं सांगून झाली. गुरुजींनी तिथी विचारली. दुसऱ्या तपासणीची वेळ दाखल्यावर मृत्यूची म्हणून पडली, ती दशमी. हृदय थांबलं शस्त्रक्रियेच्या टेबलावर, दुसऱ्या दिवशी, एकादशीला.

"कागदावर आहे तीच धरू ना?" अरुणने विचारलं. मग स्वतःच म्हणाला, "पण ताई मानली नसती."

"बघून सांगते," मी म्हणाले.

गुरुजींचे दोन फोन येऊन गेले. अजून सांगितलेलं नाही.