बेचाळीस किलोची गोण

बाबा हातांवर थुंकायचे, तळवे एकमेकांवर घासायचे आणि "मोज गो पोरी," म्हणत गोण उचलायचे. एकदा, दोनदा, तीनदा. तिसऱ्यांदा ती छातीशी धरून मला दहापर्यंत मोजायला लावायचे. मुरबाडजवळच्या माझ्या भातगिरणीत दर बाजाराच्या दिवशी हे ठरलेलं. वय अठ्ठ्याहत्तर. आम्ही सगळे त्यांना बाबा म्हणायचो.

तुम्ही म्हणाल, म्हातारपणी ही कसली हौस? मलाही आधी तसंच वाटलं होतं. मग एक दिवस ते बायकोला पाठीवर घेऊन आले. तिला लकवा मारलेला, डावं अंग गेलेलं. बाबांनी तिला थेट वजनकाट्यावर बसवलं. म्हातारी लाजून चूर झाली. वजन बेचाळीस किलो भरलं. "आता तेवढंच भात भर एका गोणीत, आन तोंड बांध," ते म्हणाले.

म्हातारीला उन्हाची फार ओढ. रोज सकाळी ते तिला खाटेवरून उचलून अंगणात बसवत. मूलबाळ नव्हतं, करणारं दुसरं कोणी नव्हतं.

"ताकद तिच्यावर कशाला आजमावू?" बाबा सांगायचे. "गोण पडली तर भात सांडंल. ती पडली तर? ज्या दिशी गोण उचलणार नाय, त्या दिशीपासून तिला खाटंवरच ठेवीन." आणि पुढे ठरलेलं वाक्य, "तिच्या मागं मी एक दिस ऱ्हायाला पायजे. एकच. जास्ती नको."

एकदा गावात म्हाताऱ्यांसाठी आरोग्य शिबिर झालं. शहापूरहून आलेल्या तरुण बाईंनी म्हातारपण चांगलं कसं घालवावं ते सांगितलं. हलकं खा, फिरा, मन गुंतवा, देवाचं नाव घ्या. बाबांनी हात वर केला. "बाय, कंबर न मोडता माणूस उचलायचा कसा, तेवढं दाखव." लोक हसले. बाईंनी मात्र पदर खोचला आणि गुडघ्यांत वाकून, पाठ ताठ ठेवून दाखवलं. तंदुरुस्त म्हातारा म्हणून बाबांना शाल मिळाली. ती म्हातारीच्या पाठीखाली गेली, उचलताना धरायला बरी म्हणून.

गेल्या पावसाळ्यात बाबा तापाने पडले. उठले ते निम्मे होऊनच. गिरणीत आले, हातांवर थुंकले, पण गोण काही गुडघ्यांच्या वर येईना. ते माझ्याकडे बघत राहिले.

"आता तिला काय सांगू?"

"ताप ताजा आहे बाबा. पुढच्या बाजाराला बघा," मी म्हटलं.

तो आठवडाभर म्हातारी खाटेवरच होती. मला ते बघवेना. बाजाराच्या आदल्या दिवशी मी गोणीचं तोंड सोडलं आणि दहा किलो भात काढून घेतलं. खोटं कशाला बोलू, पुण्य केल्यासारखं वाटलं. बाबांनी गोण तीनदा उचलली, दहा मोजून घेतले आणि पोरासारखे हसले.

"काट्यावर टाकायची का गो?"

"कालच टाकली. बेचाळीस."

माझ्या शब्दावर त्यांनी काट्याकडे पाहिलंही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं उंबऱ्यातच पडली. बाबा खाली, ती वर. तिला खरचटलंसुद्धा नाही. बाबांच्या खुब्याचं हाड मोडलं.

मी भेटायला गेले, तेव्हा दोन खाटा शेजारी शेजारी होत्या. "गोण बरोबर व्हती ना गो?" बाबांनी विचारलं. खरं सांगायलाच गेले होते मी. पण म्हातारी माझ्याकडे बघत होती.

"होती, बाबा."

"मंग माझाच पाय चुकला," असं म्हणून ते तिच्याकडे वळले. "माझंच चुकलं गो."

नवव्या दिवशी बाबा गेले. तिच्या आधी. माझ्यामुळे गेले, असं गावात कोणी म्हणत नाही, कारण कोणाला ठाऊकच नाही. आज तुम्हाला सांगते आहे.

शेजारणी पाळीपाळीने तिला भरवतात. दुसऱ्या कोणी उचलायला धरलं की ती घाबरून खाटेची दांडी पकडते. मी गेले की मात्र उजवा हात माझ्या गळ्याकडे आणते आणि दाराबाहेरच्या उन्हाकडे बघते.

परवा ते दहा किलो भात मी परत गोणीत भरलं. काट्यावर टाकली, बेचाळीस भरली. मग हातांवर थुंकले, गुडघ्यांत वाकले, पाठ ताठ ठेवली. गोण गुडघ्यांपर्यंत आली आणि हातातून सुटली.