आग्रह फक्त जेवणाचा

खरं सांगा, पाहुणा ‘नको’ म्हणाला की तुम्ही कितव्या ‘नको’ला थांबता?

पहिल्याच ‘नको’ला थांबणारा यजमान आपल्याकडे कंजूष ठरतो. दुसरा ‘नको’ म्हणजे संकोच. तिसऱ्याला पाहुणा पानावर हात आडवा धरतो आणि त्याच्या बोटांच्या फटीतून आपण जिलबी सोडतो. याला आपण प्रेम म्हणतो, मीही म्हणत आले. हेच प्रेम ग्लासात ओतलं तर त्याचं काय होतं, हे मात्र मला मिशिगनमधल्या एका विद्यापीठात शिकायला आल्यावर कळलं.

मी वाढले ती पत्रकांच्या गठ्ठ्यांत. गावातलं दारूचं दुकान बंद करायचं का यावर मतदान होतं, तेव्हा मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, दुकान चालू ठेवायला उभी बाटली आणि बंद करायला आडवी बाटली. आई आडव्या बाटलीसाठी दारोदार फिरायची आणि मी घरी पत्रकांना घड्या घालायचे. ‘उद्ध्वस्त’ हा शब्द मी ‘कमळ’च्या आधी वाचला असेल. त्यामुळे आमच्या मराठी विद्यार्थी मंडळाने दिवाळीच्या पार्टीत बीअर आणि वाइन ठेवायचं ठरवलं, तेव्हा मी बैठकीत उभी राहिले आणि भाषण ठोकलं. संसारांची राखरांगोळी वगैरे सगळं त्यात आलं.

मंडळाची अध्यक्ष म्हणजे नागपूरची ताई, रसायनशास्त्रात पीएचडी करणारी. तिने मला शेवटपर्यंत बोलू दिलं. मग म्हणाली, “झालं? छान बोलतेस. त्या दिवशी दारावर तूच उभी राहा.”

दारावर उभं राहायचं म्हणजे काय, ते तिने समजावलं. विद्यापीठाचे नियम कडक होते. पार्टीत दारू असेल तर यजमानांपैकी काही जणांनी त्या दिवशी थेंबही घ्यायचा नाही. दारावर ओळखपत्र पाहायचं आणि ज्यांना इथल्या कायद्याप्रमाणे एकवीस वर्षं पूर्ण झाली असतील त्यांच्याच मनगटावर रिस्टबँड बांधायचा. बाटल्या एकाच टेबलावर ठेवायच्या आणि टेबलामागच्या माणसाने बँड नसलेल्याला काही द्यायचं नाही. जेवण भरपूर हवं, बिनदारूची पेयंही तितकीच समोर हवीत. कुणाला चढलेली दिसली तर तो घरी कसा पोचेल, हेही आपणच बघायचं.

या सगळ्याला ताईने स्वतःचा एक नियम जोडला. बाटली घेऊन कुणी पाहुण्यांमधून फिरायचं नाही आणि कुणाला ‘घे ना’ म्हणायचं नाही.

यावर बैठकीत जेवढा गोंधळ झाला तेवढा माझ्या भाषणावर झाला नव्हता. “अगं, पाहुण्याने उठून मागायचं? ही काय पद्धत झाली? काहीही काय!”

“ही पंगत नाहीये,” ताई म्हणाली. “आग्रह जेवणाचा करा. श्रीखंड नाकातून बाहेर येईपर्यंत वाढा, मी अडवणार नाही.”

मला तरीही ही सगळी तडजोडच वाटत होती. बाटली एक तर उभी असते नाही तर आडवी, नियमांनी टेकवलेली तिरकी बाटली मी कधी पाहिली नव्हती.

पार्टीच्या दिवशी दुपारपासून बर्फ भुरभुरत होता. मी दाराशी टेबल मांडून बसले. माणसं यायची, बूट झटकायची, पासपोर्ट दाखवायची आणि बँडसाठी हात पुढे करायची. त्यांच्यात आमच्या प्रयोगशाळेतला एक सीनियर होता. वयाने तिशीतला, शांत माणूस. मी बँड काढला तर त्याने हात खिशात घातला.

“मला नको. बँड नसला तर आत देत नाहीत ना?”

“नाही देत.”

“मग नकोच.” जरा थांबून तो हलक्या आवाजात म्हणाला, “वसंतात सोडली मी. गणपतीलाही आलो नाही. कुणीतरी ‘एकच रे’ म्हणणार आणि मी घेणार, हे मला माहीत होतं. या वेळी ताईने नियम मेल केले, ते वाचून आलो. मी नंतर मागायला आलो तरी देऊ नकोस.”

तो आत गेला आणि इतक्या महिन्यांनी भेटलेल्या माणसांनी त्याला घेरलं. तो हसत होता. मी दारातून बघत होते.

थोड्या वेळाने त्याचा जुना रूममेट दोन ग्लास घेऊन त्याच्याकडे गेला. “कुठे गायब होतास यार? हे घे.”

“नको रे.”

“नको काय? दिवाळी आहे. आणि बँड कुठे तुझा? बाळ झालास काय?”

“खरंच नको.”

“एकच! माझी शपथ आहे तुला.” आणि ग्लास त्याच्या हातात जवळजवळ कोंबलाच.

ताई कधी आली ते मला दिसलंही नाही. तिने मधल्या मध्ये ग्लास काढून घेतला. “बँड नाही त्याला.”

“अगं, तिशी उलटलेला घोडा आहे तो!”

“असू दे. बँड नाही.”

“चिल ना ताई, आमच्या दोघांतलं आहे हे.”

“माझ्या पार्टीत आहे, म्हणजे माझंही आहे.”

“मास्तरीणबाई!” तो पुटपुटला. आजूबाजूचे हसले आणि पुन्हा गप्पांना लागले. सगळ्यांना वाटलं, ताई नियमाला चिकटून बसली आहे, बस्स. त्याने सोडली आहे का, कशामुळे, कधीपासून, यातलं काहीही कुणाला विचारावंसं वाटलं नाही. आमच्या पत्रकांनी दारुड्याला नेहमी चव्हाट्यावर आणलं होतं. या नियमाने एका माणसाला झाकून घेतलं.

पण ग्लास त्याच्या हाताला लागून गेला होता. तो सरळ माझ्याकडे आला आणि टेबलावर पासपोर्ट ठेवला.

“दे एक बँड.”

“तुम्हीच म्हणालात, देऊ नकोस.”

“आता म्हणतोय, दे. मी सज्ञान आहे. तुला अडवता येणार नाही.”

खरंच अडवता येणार नव्हतं. मला पत्रकांतली हजार वाक्यं पाठ होती, पण कपाळावर घाम आलेल्या माणसासाठी त्यांत एकही नव्हतं. मी आत ताईकडे पाहिलं. तिने मला पाहिलं, टेबलावरचा पासपोर्ट पाहिला आणि वळून बाटल्यांच्या टेबलामागच्या मुलाला म्हणाली, “बुचं लाव. बार बंद.” मग मोठ्याने सगळ्यांना, “चला, जेवायला चला!”

एकच ओरड झाली. “इतक्यात?” “हे काय फालतू?” काही जण कोट चढवून कुणाच्या तरी अपार्टमेंटवर निघून गेले. रूममेट जाताना म्हणाला, “पुढच्या वर्षी निवडून ये आता!” बार बंद करायला यजमानाला कारण द्यावं लागत नाही, आणि तिने ते दिलंही नाही. सगळा राग तिने एकटीने हसत अंगावर घेतला.

त्याने पासपोर्ट उचलून खिशात घातला. “आता बँड घेऊन करू काय?” म्हणाला, आणि जेवायच्या रांगेत जाऊन उभा राहिला. दोन वेळा भात घेतला. आम्ही खुर्च्या रचेपर्यंत तो होता.

घरी फोन केला तेव्हा आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “त्या पोरीला माझा नमस्कार सांग.”

म्हणून हे पत्रकच समजा आणि वाचून एवढं करा. तुमच्या घरी, मंडळात, ऑफिसात पुढची पार्टी असेल तर आदल्या दिवशीच ठरवा, त्या दिवशी न पिता सगळ्यांवर लक्ष कोण ठेवणार. बाटल्या एका जागी ठेवा आणि त्या कधीही बंद करायचा अधिकार त्या माणसाला द्या. आणि कुणी रिकाम्या हाताने उभा दिसला, तर त्याला ‘का रे?’ असं विचारू नका. त्याच्याशी दुसरं काहीतरी बोला.